कुत्र्याच्या नाकाचा एक्स-रे : काळे काय, पांढरे काय

आखाड्यावरचे कुत्रे शिंकू लागते. आधी एका नाकपुडीतून पाणी, मग घट्ट शेंबूड, आणि एके दिवशी ओसरीवर रक्ताचे थेंब. मुदखेड, अर्धापूर, भोकरच्या शिवारात अशा वेळी घरातले वडीलधारे सांगून मोकळे होतात, ‘‘उन्हाने घोळणा फुटला असेल, डोक्यावर पाणी मारा.’’ माणसाच्या बाबतीत हे बऱ्याचदा खरेही असते. माणसाच्या नाकाच्या पडद्यावर अगदी पुढच्या बाजूला बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. कोरड्या हवेने त्यावरची त्वचा तडकते आणि रक्त येते. दहा मिनिटे नाक चिमटीत धरले की बहुतेकांचे थांबते.

कुत्र्याचे असे नाही. उष्माघाताने कोसळलेले कुत्रे सोडले, तर नुसत्या उन्हाने कुत्र्याचा घोळणा फुटत नाही. त्याच्या नाकातून रक्त आले तर आत काहीतरी घडते आहे किंवा रक्तातच बिघाड आहे, असे धरून चालावे लागते. मग कोणीतरी सुचवते, एक्स-रे काढा. तो काढलाही जातो. आणि इथून पुढे दोन प्रकारे घात होतो. फिल्मवर एक बाजू पांढरी दिसली की ‘कॅन्सर आहे, काही उपयोग नाही’ म्हणून कुत्रे वाऱ्यावर सोडले जाते. फिल्म स्वच्छ दिसली की ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवले जाते. यातली कितीतरी कुत्री औषधाने बरी होणारी असतात. म्हणूनच ही फिल्म काय सांगते आणि काय सांगूच शकत नाही, हे कुत्रे पाळणाऱ्याला थोडे तरी ठाऊक असायला हवे.

आधी नाक कसे असते ते पाहू. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे ५० ते ६० लाख. कुत्र्यात हा आकडा जातीनुसार २० कोटींच्या पुढे जातो. एवढ्या पेशी बसवायला जागा लागते, आणि ती जागा निसर्गाने घड्या घालून केली आहे. कागदाची सुरळी करावी तशा हाडाच्या अतिशय पातळ गुंडाळ्या कुत्र्याच्या नाकात दाटीने बसवलेल्या असतात. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. पुढच्या गुंडाळ्या हवा गाळतात, ओलसर आणि कोमट करतात. मागच्या, डोळ्यांच्या जवळच्या गुंडाळ्या मुख्यतः वासासाठी. त्यांच्याही मागे चाळणीसारखे भोके असलेले एक पातळ हाड असते आणि त्यापलीकडे थेट मेंदू. दोन नाकपुड्यांच्या मध्ये पडदा, आणि वर कपाळाच्या हाडात हवेने भरलेली पोकळी.

मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय असल्याने जवान, कवायत आणि सरावाचे गावाला नवल नाही. याच दलाची श्वान प्रशिक्षण शाळा बेंगळुरूजवळ तरालू येथे आहे. तिथे शिकलेली कुत्री जमिनीखाली पुरलेली स्फोटके हुंगून काढतात, ती याच गुंडाळ्यांच्या जोरावर. एक्स-रेत आपण शोधतो त्याही याच गुंडाळ्या. त्या आहेत की नाहीत, यावर बहुतेक निदान उभे असते.

मराठवाड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि एका अर्थाने सोयीची. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. आखूड केसांचे ते कारवानी, मऊ लांब केसांचे ते पश्मी. नांदेड-लातूरच्या अनेक आखाड्यांवर ही उंच, सडपातळ, लांब तोंडाची कुत्री राखणीला दिसतात. तोंड लांब म्हणजे नाकाची पोकळीही लांब, आणि फिल्मवर ती ऐसपैस दिसते. याउलट शहरात हौसेने आणलेल्या पगच्या चपट्या तोंडात सगळे एकमेकांवर चढलेले असते. त्याची फिल्म वाचताना अनुभवी डॉक्टरही बिचकतो. मात्र लांब नाकाला एक शापही आहे. नाकातली बुरशी अशाच लांब आणि मध्यम तोंडाच्या कुत्र्यांत जास्त सापडते, चपट्या तोंडाच्यांत क्वचित.

एक्स-रेचे तत्त्व १८९५ मध्ये विल्हेल्म रोंटगेन यांना हा किरण गवसला तेव्हा होते तेच आज आहे. किरण हवेतून सरळ पार जातात, तिथे फिल्म काळी होते. हाड त्यांना अडवते, तिथे पांढरी. मांस, रक्त, पू, शेंबूड, गाठ हे सगळे या दोहोंच्या मध्ये, करड्या रंगाचे. इथेच पहिली मेख आहे. रक्त, पू आणि गाठ यांचा करडा रंग फिल्मवर एकच असतो. नाकात साचलेला शेंबूड आणि नाकात वाढलेला कॅन्सर यांत फिल्म नुसत्या रंगावरून भेद करू शकत नाही.

फिल्म काढण्याची रीत चुकली तर पुढचे सगळे व्यर्थ. जागे कुत्रे धरून, डोके दाबून, बाजूने एक फिल्म काढायची, ही सगळीकडे चालणारी पद्धत. अशा फिल्मवर उजवी आणि डावी बाजू एकमेकांवर पडतात. एका बाजूची पोखरण दुसऱ्या बाजूच्या निरोगी हाडामागे झाकली जाते. बाजूची फिल्म निरुपयोगी नाही. कपाळाची पोकळी, नाकाचा वरचा कणा, घशाकडचा मागचा भाग तिच्यावर चांगला दिसतो. पण रोग कोणत्या नाकपुडीत आहे, हे ती सांगत नाही.

त्यासाठी कुत्र्याला पूर्ण भूल द्यावी लागते. त्याला पोटावर झोपवून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पातळ फिल्म तोंडात, जिभेच्या वर, जाईल तितकी आत सरकवायची आणि किरण वरून सोडायचे. खालचा जबडा वगळला जातो आणि दोन्ही नाकपुड्या शेजारी शेजारी, स्वच्छ दिसतात. कारवानीच्या लांब तोंडात ही फिल्म छान खोलवर जाते. डिजिटल यंत्राची पाटी जाड असल्याने तोंडात मावत नाही. तिथे कुत्र्याला उताणे झोपवून, तोंड मोठे उघडे बांधून, जीभ आणि खालचा जबडा बाजूला ठेवून किरण २०-३० अंश तिरपे तोंडात सोडतात. कपाळाची पोकळी समोरून पाहायची असेल तर आणखी एक फिल्म. डोके किंचित जरी कलले तरी एक बाजू खोटीच काळी आणि दुसरी खोटीच पांढरी दिसते. त्यामुळे फिल्म हातात आली की डोके सरळ आहे का, हे आधी पाहायचे. रोग नंतर.

तालुक्याच्या गावी माणसांच्या एक्स-रे केंद्रात ओळखीने कुत्रे नेण्याचे प्रकार होतात. यंत्र तेच चालते, हे खरे. पण भूल देणारा पशुवैद्यक तिथे नसतो. मग मालक स्वतः तोंड धरून उभा राहतो, हलल्याने फिल्म धूसर येते, आणि शिशाचा अॅप्रन न घालता त्याच्या हातावर किरण पडतात ते वेगळेच. त्यापेक्षा एक दिवस मोडून परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जावे. दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये आहेत आणि मुदखेडहून परभणीला तर थेट रेल्वेमार्ग आहे.

आता वाचन. निरोगी नाकाच्या फिल्मवर काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढऱ्या रेघांची नक्षी दिसते. पुढे त्या जवळजवळ समांतर, मागे पंख्यासारख्या पसरलेल्या. मधोमध एक ठळक पांढरी रेघ. तिला सगळे पडदा म्हणतात, पण पडद्याचा मोठा भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चा वेगळी दिसत नाही. ती रेघ असते पडद्याला खालून आधार देणाऱ्या व्होमर नावाच्या हाडाची. समोरच्या दातांच्या मागे दोन लंबगोल काळे डाग दिसतात. टाळूच्या हाडातल्या या नैसर्गिक फटी आहेत, प्रत्येक कुत्र्यात असतात. नवखा वाचक त्यांना पोखरण समजून घाबरतो.

यानंतर एकच काम उरते. उजवी बाजू डावीशी ताडून पाहायची. कुत्र्याचे स्वतःचे निरोगी अंग हाच त्याच्यासाठी सर्वांत चांगला नमुना असतो. रोग दोन्हीकडे सारखा असेल तर मात्र हा नमुना हाती लागत नाही, हेही लक्षात ठेवायचे.

रेघा जागेवर आहेत, पण त्यांच्यावर करडे धुके पसरले आहे, असे दिसले तर बहुधा सूज, शेंबूड किंवा साचलेले रक्त. घर शाबूत आहे, आत पाणी शिरले आहे, अशी ही स्थिती. रेघा पुसल्या गेल्या आणि ती जागा जास्तच काळी झाली, तर गुंडाळ्या खाल्ल्या गेल्या आणि तिथे नुसती हवा उरली. हे चित्र बुरशीचे. अॅस्परजिलस नावाची ही बुरशी माती, कडबा, सडका पालापाचोळा, सगळीकडे असते. बहुतेक कुत्री ती रोज हुंगतात आणि त्यांना काही होत नाही. एखाद्याच्या नाकात मात्र ती ठाण मांडते. अशा कुत्र्याचे नाक दुखते, ते तोंडाला हात लावू देत नाही, आणि नाकपुडीच्या कडेचा काळा रंग उडून तिथे जखमा होतात. ही शेवटची खूण एक्स-रेशिवायही दिसते, म्हणून मालकाने ती जरूर पाहावी.

रेघा पुसल्या आणि ती जागा पांढुरकी भरली, तर गुंडाळ्यांच्या जागी मांस वाढले आहे. हे गाठीचे चित्र. बहुधा सुरुवात एका बाजूने, मागच्या भागात. पुढे व्होमरची रेघ झिजते, वाकते, तुटते, आणि गाठ दुसऱ्या बाजूला घुसते. नाकाच्या कण्यावर फुगवटा येतो, एक डोळा पुढे येतो. कपाळाची पोकळीही पांढरी दिसू लागते. पण ती पांढरी दिसली म्हणजे गाठ तिथवर पोहोचलीच, असे नाही. निचऱ्याची वाट अडल्याने तिथे नुसता शेंबूड तुंबलेला असू शकतो. कपाळापर्यंत पसरलेला कॅन्सर, असा निष्कर्ष एवढ्यावरून काढणे घाईचे आहे.

काळे म्हणजे बुरशी, पांढरे म्हणजे गाठ, हे सूत्र सोपे आहे आणि म्हणूनच फसवे. बुरशीचा मोठा गोळा साचला तर जागा पांढरी दिसते. गाठीचा मधला भाग सडून गळून पडला तर तिथे काळे दिसते. वरच्या सुळ्याच्या किंवा दाढेच्या मुळाशी पू झाला की तो नाकात फुटतो आणि एकाच नाकपुडीतून घाण येत राहते. दाताच्या मुळाभोवती काळे वलय शोधले नाही तर हे निदान हुकते, आणि साधा किडका दात काढून बरे होणारे कुत्रे महिनोन्महिने प्रतिजैविके खात राहते.

आणि समजा गाठच आहे. तरी ती कोणती? इथे आपल्याकडच्या कुत्र्यांपुरता एक मुद्दा परदेशी पुस्तकांपेक्षा जास्त मोलाचा आहे. नाकाचा नेहमीचा कॅन्सर म्हाताऱ्या कुत्र्यांचा आजार, साधारण दहाच्या आसपासच्या वयाचा. त्याला शस्त्रक्रियेने फारसे यश येत नाही. किरणोपचार लागतात आणि ते जनावरांसाठी सहज मिळत नाहीत. पण तीन-चार वर्षांच्या, नसबंदी न केलेल्या, गावभर हिंडणाऱ्या कुत्र्याच्या नाकात गाठ दिसली तर आधी संशय घ्यायचा तो कुत्र्यांच्या संसर्गजन्य गाठीचा. डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात.

हा आजार विलक्षण आहे. इथे जंतू पसरत नाही, कॅन्सरची जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते आणि तिथे रुजते. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार ही गाठ ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्यात निर्माण झाली. ते कुत्रे कधीच मेले, पण त्याच्या पेशी आजही जगभरातल्या कुत्र्यांत जगत आहेत. ती मुख्यतः समागमातून पसरते आणि जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्ताळणारी वाढ दिसते. पण कुत्री एकमेकांना हुंगतात, चाटतात. त्यातून पेशी नाकात जाते आणि कधी कधी फक्त नाकातच गाठ होते, खाली काहीच नसते. एक्स-रेवर ती हुबेहूब इतर कॅन्सरसारखी दिसते. गुंडाळ्या गेलेल्या, जागा पांढरी, कधी टाळूला भोकही पडलेले. फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. नाकातून घेतलेला स्राव किंवा गाठीचा बारीक तुकडा काचपट्टीवर टेकवला की गोल पेशी आणि त्यांच्यातले पारदर्शक फुगे ओळखू येतात. खर्च मामुली.

आणि उपचार? व्हिनक्रिस्टिन नावाचे इंजेक्शन, आठवड्यातून एकदा शिरेतून, बहुतेकदा चार ते सहा वेळा. बहुसंख्य कुत्री पूर्ण बरी होतात. औषध शिरेबाहेर सांडले तर मांस जाळते, म्हणून ते पशुवैद्यकानेच द्यायचे. त्या दिवसांत कुत्र्याची लघवी, ओकारी साफ करताना हातमोजे घालायचे, आणि घरातल्या गरोदर बाईने हे काम करायचे नाही. पांढऱ्या फिल्मकडे बघून ‘कॅन्सर’ म्हणत सोडून दिलेल्या तरण्या कुत्र्यांत अशी किती असतील, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

आता दुसरा घात, स्वच्छ फिल्मचा. दिवाळीच्या आगेमागे गवत वाळते. कुसळीचे कुसळ धोतराला, साडीला कसे चिकटते हे शेतात जाणाऱ्याला सांगायला नको. त्याचे टोक तीक्ष्ण आणि अंगावर उलटे केस, त्यामुळे ते एकाच दिशेने, आत आत सरकते. गवतात तोंड घातलेल्या कुत्र्याच्या नाकात ते शिरले की एकाएकी शिंकांचा मारा सुरू होतो, कुत्रे पंजाने नाक खाजवते, आणि दोन दिवसांनी शांत होते. मालकाला वाटते बरे झाले. प्रत्यक्षात कुसळ रुतून बसलेले असते. एक्स-रेवर खडा दिसेल, हाडाचा तुकडा दिसेल, लोखंडाचा छर्रा तर ठळक दिसेल. कुसळ दिसत नाही. फिल्म स्वच्छ आणि त्रास एकाएकी सुरू झालेला, असे असेल तर भूल देऊन दुर्बिणीने नाकात पाहावेच लागते. घरी नाकात तेल, कांद्याचा रस, तंबाखूचे पाणी घालून काही साधत नाही. कुसळ आणखी आत जाते एवढेच.

दुसरे कारण गोचीड. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या कानात, पंजांच्या बेचक्यात आणि घराच्या भिंतींच्या फटीत राहते. तिच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी घटतात. कुत्रे मलूल, ताप, हिरड्या फिक्या, पोटावर जांभळे डाग, आणि नाकातून भळाभळा रक्त, कधी दोन्हीकडून. नाकात मात्र काहीही नसते. आपल्या उष्ण मुलखात नाकातून रक्त येणाऱ्या कुत्र्याची पहिली तपासणी म्हणून एक्स-रे नव्हे, रक्त तपासायला हवे. प्लेटलेट साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात. त्या फार खाली असताना भूल देऊन नाकाचा तुकडा काढला तर रक्त थांबवणे कठीण होते. आजार कळला तर डॉक्सीसायक्लिनच्या साधारण चार आठवड्यांच्या गोळ्यांनी बरीच कुत्री सुधारतात. गोळ्या पशुवैद्यकाने ठरवलेल्याच द्याव्यात. घरातली तापाची किंवा अंगदुखीची माणसांची गोळी अजिबात देऊ नये. त्यातल्या काही कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव घडवतात.

एका बाबतीत मात्र एक्स-रेचा विचारही करायचा नाही. कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, तेव्हा घरातला कोणीतरी ‘घशात हाडूक अडकले’ म्हणून तोंडात हात घालतो. हे रेबीजचे लक्षण असू शकते. लस न दिलेल्या कुत्र्यात तर तसेच समजून दूर राहावे आणि पशुवैद्यकाला बोलवावे. लाळ हाताच्या खरचटलेल्या जागी लागली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. लस तिथे मोफत असते. दात लागला नाही म्हणून घरी बसणे जिवावर बेतते.

सीटी स्कॅनने ही बरीच कोडी सुटतात. माणसांच्या सायनससाठी साध्या एक्स-रेची जागा त्याने केव्हाच घेतली. जनावरांसाठी ही सोय मोठ्या शहरांत, तीही मोजक्या ठिकाणी आहे. नांदेड-लातूरकडच्या कुत्र्याच्या नशिबी अजून काही काळ फिल्मच आहे, आणि नीट काढलेली, नीट वाचलेली फिल्म कमी उपयोगाची नाही. तुकडा कुठून घ्यायचा हे तीच दाखवते. तुकडा घेणारा कुशल डॉक्टर चिमटा नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत मोजून त्यावर खूण करतो आणि त्या खुणेपलीकडे तो आत नेत नाही. पलीकडे ते चाळणीचे हाड असते.

फिल्म मात्र जपून ठेवायची असते, कुत्रे बरे झाल्यावरही. गाठ विरघळली, बुरशी गेली, तरी खाल्ल्या गेलेल्या गुंडाळ्या परत उगवत नाहीत. त्या बाजूने कुत्रे पुढे आयुष्यभर थोडे शिंकेल, धुळीत पाणी गळेल. दोन वर्षांनी दुसऱ्या कारणाने कोणी एक्स-रे काढला तर ती बाजू काळीभोर दिसेल, आणि जुनी फिल्म शेजारी नसेल तर पाहणारा डॉक्टर नव्याने बुरशीचा शोध सुरू करील. जुनी फिल्म, उपचाराचा कागद आणि लसीचे कार्ड एकाच पिशवीत असलेले बरे.